प्रपंचांतील ध्यान

आमचें घोडेगाव अहिल्यानगराहून छत्रपति संभाजीनगराकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर आहे. मोटारींची वर्दळ अहोरात्र, त्यांत कांद्याच्या लिलावाचा गलबला. अशा गांवीं ध्यानाची गोष्ट काढली कीं लोक हंसतात. परंतु आमच्याच तालुक्याच्या ठिकाणीं, नेवासें येथें, शके १२१२ मध्यें ज्ञानेश्वरी सांगितली गेली, आणि तिच्या सहाव्या अध्यायाचा विषयच मुळीं ध्यान हा आहे. आसन व एकाग्रता यांच्या जोडीला तेथें एक साधी अट आहे. अति खाणारा व उपाशी राहणारा, अति निजणारा व सदा जागणारा, यांपैकीं कोणालाही हा योग साधत नाहीं. प्रवचनकार ही अट चटकन ओलांडून कुंडलिनीच्या वर्णनांत रमतात. मला मात्र सारें मर्म या अटींतच दिसतें.

स्वामी कुवलयानंदांनीं १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिलें व योगक्रियांचे शरीरावरील परिणाम शास्त्रीय रीतीनें तपासण्याचें कार्य चालविलें. अमेरिकन हार्ट असोसिएशननें २०१७ सालीं दिलेला अभिप्राय तर मोठा संयमाचा आहे: ध्यान नेहमींच्या उपचारांच्या जोडीला घ्यावें, त्यांच्या जागीं नव्हे. आमच्या आळींतील एका गृहस्थांनीं कोणाचेंसें ऐकून रक्तदाबाच्या गोळ्या सोडल्या होत्या. त्यांना मीं हेंच समजावून दिलें. आतां गोळ्याही चालू आहेत आणि ध्यानही.

सेवानिवृत्तीनंतर मी स्वतः रोज अर्धा तास बसूं लागलों. झोप सुधारली, रागाचे शब्द ओठांशींच थांबूं लागले. याहून अधिक फळाचा दावा मी करीत नाहीं.

परंतु एकत्र कुटुंबांत हा अर्धा तास येतो कोठून? सासरे डोळे मिटून बसतात, तेव्हां सुना चहाचें आधण ठेवून मुलांचे डबे भरीत असतात. सर्वांच्या मागून निजणें व सर्वांच्या आधीं उठणें हाच ज्यांचा नेम, त्यांच्या बाबतींत सहाव्या अध्यायाची अट पाळावी कोणी? धाकट्या सूनबाईंनीं एकदां विचारलें, "मामंजी, मीं बसावें तें केव्हां?" प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. तेव्हांपासून पहांटे दूध तापविणें, चहा करणें व नातवंडांना उठविणें हीं कामें माझ्याकडे आहेत आणि माझें बसणें दिवेलागणीला. त्या पहांटेच्या वेळांत धाकटी माजघरांत ध्यानास बसते. थोरली बसत नाहीं, ती तेवढा वेळ अधिक झोपते. तिला मीं अद्याप उठविलेलें नाहीं.