पिवळ्या रंगाची रुजुवात

कुर्डुवाडीहून पंढरपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे आमचे मोडनिंब वैशाखात असे तापते की, रक्तपरीक्षणाच्या किटच्या माहितीपत्रकातील 'खोलीच्या तापमानावर ठेवावे' ही सूचना येथे जशीच्या तशी पाळणे म्हणजे परीक्षणच बिघडविणे होय. पत्रककर्त्याच्या मनातली खोली 20 ते 25 अंशांची असते. आमची दुपार 40 च्या वर जाते. म्हणून उन्हाळ्यात रक्तातील अल्फा-फीटोप्रोटीन मोजण्याचे काम मी पहाटेच हाती घेतो आणि खोलीचे तापमान नोंदवहीत मांडल्यावाचून पहिला थेंब टाकीत नाही.

गर्भाचे यकृत हे प्रथिन विपुल निर्माण करते; जन्मानंतर ते झपाट्याने ओसरते आणि निरोगी प्रौढाच्या रक्तात मिलिलिटरमागे सामान्यतः 10 नॅनोग्रॅमहूनही कमी उरते. 1963 साली आबेलेव्ह यांनी यकृताचा अर्बुद झालेल्या उंदरांत, आणि पुढल्याच वर्षी तातारिनोव्ह यांनी यकृताच्या कर्करोगाने पीडित माणसांत ते पुन्हा प्रकट झाल्याचे दाखविले. जरठ यकृताने रोगग्रस्त होताच गर्भावस्थेतील विस्मृत उद्योग पुन्हा आरंभावा, या घटनेचा विस्मय इतकी वर्षे हे काम करूनही मला ओसरलेला वाटत नाही. पुढे 1971 मध्ये स्टॉकहोमच्या एंगव्हाल आणि पर्लमान यांनी किरणोत्सारी खुणेऐवजी विकराची खूण वापरण्याची रीत प्रसिद्ध केली, म्हणून तर हे मापन महानगरांतील मोजक्या संस्थांची मक्तेदारी न राहता तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचले.

या रीतीत प्लेटच्या 96 खळग्यांच्या तळाशी एक प्रतिपिंड आधीच चिकटविलेले असते. ते रक्तजलातील प्रथिनाला धरते, विकर जोडलेले दुसरे प्रतिपिंड त्याच प्रथिनाला वरून बिलगते, मग रंगद्रव्य घालताच निळी छटा उमटते आणि आम्ल पडताच ती पिवळी होते. या साऱ्यात कसब लागते ते धुण्याला. सैल राहिलेले विकर खळग्यात उरले तर निरोगी इसमाच्या नावावर रोगाचा दाखला चढतो; म्हणून प्रत्येक धुण्यानंतर प्लेट टिपकागदावर पालथी आपटून, खळगे उजेडाकडे धरून पाहण्याचा शिरस्ता मी कधी मोडलेला नाही.

परंतु मला अधिक धास्ती वाटते ती फिकट रंगाची. ज्या किटमध्ये रक्तजल आणि विकरयुक्त प्रतिपिंड एकाच वेळी घालावयाचे असते, तेथे प्रथिन अपरिमित असल्यास दोन्ही प्रतिपिंडे निरनिराळ्या रेणूंनीच व्यापली जातात, त्यांची सांधणी होत नाही, आणि ज्याचा रोग सर्वांत बळावलेला त्याचाच आकडा फसवा, अल्प येतो. यंत्र तो आकडा निःशंकपणे छापते. डॉक्टरांच्या चिठ्ठीत यकृतातील गाठीचा उल्लेख असेल आणि खळगा फिकट राहिला असेल, तर मी अहवालावर सही करीत नाही. तेच रक्तजल दहापट, मग शंभरपट पातळ करून पुन्हा लावतो. पातळ केलेल्याचा आकडा, पटीने गुणल्यावर, मुळाहून चढा निघाला, म्हणजे संशय खरा ठरला. न चढला, तरी गाठ निर्दोष ठरत नाही, कारण कित्येक कर्करोग हे प्रथिन वाढवीतच नाहीत; तेही मी डॉक्टरांना फोनवर स्पष्ट सांगतो. या दुसऱ्या परीक्षणाचे पैसे मी रुग्णाकडून घेत नाही. खळगे महाग आहेत, हे खरे. परंतु रुजुवात करणे हे माझे काम आहे, त्याचा भुर्दंड रुग्णाला कशासाठी?