दहापैकी किती?

आजारी मनुष्याला आपल्या दुखण्याचे पाल्हाळ लावण्याची मोठी हौस असते, असे निरोगी लोक समजतात. आमचा अनुभव थोडा निराळा आहे. दुखण्याची गोष्ट मनुष्य दुखणे संपल्यावर सांगतो, आणि तीही रंगवून सांगतो. प्रत्यक्ष दुखत असताना मात्र तो बहुधा खोटे बोलतो. ‘कसे काय, बरे आहे ना?’ ह्या प्रश्नाला ‘ठीक आहे’ ह्यावाचून दुसरे उत्तरच नाही, अशी आपल्या शिष्ट समाजाची समजूत आहे. ह्या समजुतीचे पालन आम्ही पन्नाशी उलटेपर्यंत इतक्या निष्ठेने केले की, अखेर एके दिवशी रुग्णालयाच्या खाटेवर पडल्या पडल्या आम्हांस त्याचा हिशेब द्यावा लागला. तोच येथे वाचकांपुढे मांडण्याचे योजिले आहे.

आमची उंची १६८ सेंटिमीटर आणि ज्या काळाची ही हकीकत आहे त्या काळी आमचे वजन ११८ किलो होते. किलोंतील वजनाला मीटरांतील उंचीच्या वर्गाने भागावयाचे आणि येणाऱ्या अंकावरून मनुष्याची स्थूलता ठरवावयाची, अशी वैद्यकाची रीत आहे. आपल्या देशातील माणसांत हा अंक पंचविसाच्या पुढे गेला की डॉक्टर भुवया चढवितात. आमचा तो बेचाळिसाच्या घरात होता. मधुमेहाने दहा वर्षांपूर्वीच बिऱ्हाड केले होते. रात्री घोरता घोरता आमचा श्वास मध्येच थांबतो व मग दचकून सुरू होतो, असे आमच्या गृहिणीचे गाऱ्हाणे होते. गुडघ्यांची तर अशी अवस्था होती की, वर्गात फळ्यापासून खुर्चीपर्यंतचे अंतर आम्हांस पर्वतीच्या पायऱ्यांइतके वाटू लागले होते. उपास, पथ्य, पहाटेचे फिरणे, सर्व काही करून झाले होते. दर वेळी सात-आठ किलो वजन उतरे आणि वर्षाच्या आत व्याजासकट परत येई. तथापि कोणी विचारले की आमचे उत्तर ठरलेले असे : ‘आम्ही खातो फार थोडे, आमचा हाडापेरच मोठा.’

शेवटी शस्त्रक्रिया करण्याचे ठरले. पोटावर चार-पाच बारीक छिद्रे पाडून दुर्बिणीच्या साह्याने ती करतात. जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची एक अरुंद नळी तेवढी शिल्लक ठेवतात. ह्या क्रियेचा इतिहास मोठा मौजेचा आहे. आरंभी ती एका मोठ्या व अवघड शस्त्रक्रियेची नुसती पहिली पायरी म्हणून करीत असत. परंतु पुष्कळ रोग्यांचे काम पहिल्याच पायरीवर भागते असे दिसून आले, आणि प्रस्तावनेलाच ग्रंथाची योग्यता प्राप्त झाली. ज्यांची स्वतःची पुस्तके प्रस्तावनेपलीकडे गेली नाहीत अशा आमच्यासारख्यांना हा दाखला धीर देणारा होता.

धीर आला खरा. पण खरे बोलण्याइतका नव्हे. वजनासाठी पोट कापून घेणे म्हणजे आळशाचा आडमार्ग, असे लोक म्हणतात हे आम्ही जाणून होतो. किंबहुना दुसऱ्याविषयी बोलताना आम्हीही तसेच म्हटले होते. म्हणून शेजाऱ्यांना आणि महाविद्यालयातील सहकाऱ्यांना आम्ही ‘हर्नियाची लहानशी शस्त्रक्रिया’ असे सांगितले आणि एका पहाटे गुपचूप रुग्णालयात जाऊन दाखल झालो.

शुद्धीवर आलो तेव्हा पहिला प्रश्न कानांवर पडला तो असा : “काका, दुखतंय? शून्य ते दहामध्ये सांगा. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. दहापैकी किती?” विचारणारी परिचारिका पंचवीस-सव्वीस वर्षांची असेल. आमचे उभे आयुष्य दुसऱ्यांना गुण देण्यात गेलेले. दहापैकी पाच गुणांचे उत्तर कोणते आणि साडेपाचांचे कोणते, हा भेद आम्ही डोळे मिटून करू शकतो असा आमचा लौकिक आहे. परंतु स्वतःच्या वेदनेची उत्तरपत्रिका पुढे येताच आमची लेखणी अडखळली. पोटात आतून कोणी पिळून धरल्यासारखे होत होते. त्याहून चमत्कारिक गोष्ट म्हणजे, ज्या उजव्या खांद्याला कोणी हातही लावला नव्हता तो असा ठणकत होता की, जणू रात्रभर त्यावरून पालखी वाहिली असावी. खरे गुण सात होते. आम्ही म्हणालो, “तीन.”

असे का म्हणालो? पोरीबाळींपुढे कण्हणे पुरुषाला शोभत नाही, हे एक कारण. दुसरे, हे दुखणे आम्ही पैसे मोजून विकत घेतलेले. त्याबद्दल तक्रार कोणत्या तोंडाने करावयाची? तिसरे आणि सर्वांत जुने कारण असे की, सोसणे हा आपल्याकडे सद्गुणच समजला जातो. आमच्या मातोश्रींनी संधिवात वीस वर्षे सोसला आणि शेजारणींत त्या त्याबद्दलच वाखाणल्या गेल्या. तिने सहा वेळा विचारले. आम्ही सहाही वेळा तीन गुण दिले. ‘तीन’ गुणांच्या रोग्याला जेवढे औषध मिळावयाचे तेवढेच आम्हांस मिळाले.

दुखऱ्या पोटाने दीर्घ श्वास घेववत नाही. उशाशी तीन गोळ्यांचे एक प्लॅस्टिकचे यंत्र ठेवले होते. नळीतून श्वास आत ओढला की त्यातील गोळ्या एकामागून एक वर चढावयाच्या. आमच्याच्याने पहिलीही जेमतेम हलेना. संध्याकाळी उठून चार पावले चालावयाचे होते. आम्ही ‘झोप येते’ म्हणून कूस बदलली. पहाटे बोटाला लावलेला चिमटा रक्तातील प्राणवायूचे प्रमाण ९० टक्के दाखवू लागला, अंगात कणकण आली आणि नाडी धावू लागली. एकाएकी खोलीत माणसे वाढली. जठराच्या शिवणीतून गळती तर होत नाही ना, पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसाकडे तर गेली नाही ना, अशा शंका दबलेल्या आवाजात निघू लागल्या. आमची गृहिणी दाराशी उभी होती. तिचा चेहरा आम्ही पाहिला, आणि दहापैकी दहा म्हणजे काय ते आम्हांस त्या क्षणी समजले.

तपासण्या झाल्या. गळती नव्हती, गुठळीही नव्हती. दुखते म्हणून उथळ श्वास घेतल्याने फुप्फुसांचे तळ मिटत चालले होते, इतकेच. शल्यचिकित्सक शांतपणे म्हणाले, “सर, वेदना दडवून तुम्ही धैर्य दाखविले नाही; श्वास मात्र दडविला.” ते गेल्यावर परिचारिकेने उशी सारखी केली व म्हणाली, “काका, तुम्हीच खोटे मार्क दिले तर मी औषध कशावरून ठरवू?” तीस वर्षांत आमच्या मूल्यमापनावर इतकी नेमकी टीका कोणी केली नव्हती.

पुढे तिनेच सर्व समजावून सांगितले. काही भाग आम्ही मागाहून वाचून पक्का केला. शस्त्रक्रियेच्या वेळी पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून ते फुगवितात. त्यातील उरलासुरला वायू छाती व पोट ह्यांमधील पडद्याला चेतवितो. त्या पडद्याची नस मानेतून निघते, आणि मानेच्या त्याच भागातून खांद्याकडेही नसा जातात. म्हणून पोटातील कुरकूर मेंदूला खांद्यातून ऐकू येते. चालले-फिरले की ती दोन-तीन दिवसांत ओसरते. वेदनेवर एकच जालीम औषध द्यावयाचे, ही रीतही आता मागे पडली आहे. अफूच्या जातीची औषधे श्वास मंद करतात, मळमळ आणतात आणि आतडी सुस्त करतात; झोपेत श्वास अडणाऱ्या स्थूल माणसाला तर ती विशेष जपून द्यावी लागतात. म्हणून छिद्रांच्या जागा आधीच बधिर करावयाच्या, पॅरासिटामॉल ठराविक तासांनी द्यावयाचे आणि जालीम औषध अगदी गरजेपुरते राखून ठेवावयाचे. हेन्रिक केलेट नावाच्या डेन्मार्कच्या शल्यचिकित्सकाने १९९७ साली अनेक उपायांच्या ह्या संयोगाची बाजू समर्थपणे मांडली. त्यातील मर्म असे की, वेदना शमवावयाची ती रोग्याने निजून राहावे म्हणून नव्हे, तर त्याने उठून चालावे म्हणून.

त्या दिवसापासून आम्ही प्रामाणिक परीक्षक झालो. पण नुसत्या अंकाने आमचे समाधान होईना. कॅनडातील रोनाल्ड मेल्झॅक ह्या मानसशास्त्रज्ञाने १९७५ साली रोग्यांच्या तोंडचे वेदनावाचक शब्द वर्गवार लावून एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. ती मराठीत करावयाची म्हटली तर सामग्रीची वाण नाही. कळ, चमक, ठणका, ठुसठुस, शूल, मुरडा, रग, आग, सल, ओढ : प्रत्येकीचा स्वभाव निराळा, घराणे निराळे. आम्ही सांगू लागलो, “खांद्यात ठणका, सहा. पोटात ओढ, चार. खोकलो तर कळ, आठ.” परिचारिका हसे आणि लिहून घेई. खोकताना पोटाशी उशी घट्ट आवळून धरावी हा उपाय तिने कळेवर सांगितला. तो औषधाइतकाच गुणकारी ठरला. दुपारी आम्ही तिच्या आधाराने वऱ्हांड्याच्या टोकापर्यंत गेलो. तिसऱ्या दिवशी यंत्रातील दुसरी गोळी वर चढली, तेव्हा आम्हांस पदवी परीक्षेच्या निकालाची आठवण झाली.

घरी आल्यावर आचमनाचे दिवस सुरू झाले. पूर्वी पळी-पंचपात्र हाती घेतले की कधी एकदा ताटावर बसतो असे आम्हांस होई. आता आचमन हेच भोजन होते. औषधाच्या इवल्या पेल्यातून ३० मिलिलिटर पाणी घोट घोट घेत पाव तास घालवावयाचा. दोन आठवडे पातळ पेये, मग घोटलेले वरण, मग मऊ अन्न. दररोज निदान ६० ग्रॅम प्रथिने. जेवताना पाणी नाही. एकदा सवयीने मोठा घोट घेतला, तो छातीच्या मध्यावर अशी कळ उठली की भिंत धरून उभे राहावे लागले. एक घास बत्तीस वेळा चावावा, असे आमची आजी सांगत असे. आजीची आज्ञा आम्ही पंचावन्नाव्या वर्षी पाळू लागलो.

बाराव्या दिवशी गुडघा दुखू लागला आणि आमचा हात आपोआप टेबलाच्या खणाकडे गेला. तेथे डायक्लोफेनॅकची जुनी पाकिटे होती. ह्या जातीच्या गोळ्या जठराच्या अस्तराला व्रण पाडतात; म्हणून आम्हांस त्यांची सक्त मनाई होती. गोळी तळहातावर होती आणि आम्ही इकडे तिकडे पाहत होतो. “अहो, काय दुखतंय?” दारातून प्रश्न आला. “काही नाही,” हे शब्द जिभेवर आले होते. आम्ही ते गिळले, आणि गोळी गिळली नाही. गुडघा, पाच, असे सांगितले. तिने बर्फाची पिशवी आणून दिली आणि पाकिटे मुकाट्याने कचऱ्यात टाकली.

परंतु एक वेदना आमच्या कोणत्याच कोष्टकात बसेना. भूक पेटविणाऱ्या घ्रेलिन नामक द्रव्याचा शोध कोजिमा आणि कांगावा ह्या जपानी शास्त्रज्ञांनी १९९९ साली लावला. जठराच्या ज्या भागात ते मुख्यतः तयार होते तोच भाग आमच्या पोटातून गेलेला. त्यामुळे भूक अशी लागतच नव्हती. तरीही स्वयंपाकघरात मेथीची फोडणी पडली की डोळे भरून येत. तीस वर्षे आमच्या घरात माया बोलून दाखविली गेली नव्हती. ती वाढली जात होती. ‘आणखी एक घ्याच’ हीच तिची भाषा आणि ‘बरं, वाढ’ हाच आमचा रुकार. आता आम्ही दोन चमचे वरण खाऊन थांबत होतो आणि ती रिकामा डाव हातात धरून उभी राहत होती. एके रात्री आम्ही तिला म्हणालो, “हे दुखतं बरं का.” तिने विचारले, “किती?” आम्हांस आकडा सांगता आला नाही. तिलाही तो नको होता. ती समोर बसली, आणि पुष्कळ दिवसांनी आम्ही दोघे ताटाशिवाय बोलत बसलो.

ह्या गोष्टीला वर्ष होऊन गेले. वजन ८७ किलो आहे, मधुमेहाची औषधे निम्म्यावर आली आहेत आणि घोरणे थांबले आहे. चौथ्या महिन्यात केस मूठमूठ गळले. पुढे ते बरेचसे परत आले. जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर घ्यावयाच्या आहेत, आणि बेसावध राहिलो तर वजनही परत येऊ शकते. गुडघे अजून कुरकुरतात. चमत्कार म्हणावा असे ह्यात काही नाही.

गेल्या महिन्यात आमचे एक सहकारी, देहाने आमच्या पूर्वावताराला शोभणारे, दार लोटून आत आले. इकडचे तिकडचे बोलून त्यांनी आवाज खाली केला. “तुमचं ते हर्नियाचं...” इतके म्हणून ते थांबले; मग म्हणाले, “खरं सांगा, फार दुखतं का हो?”

‘छे, काहीच नाही!’ हे जुने वाक्य अगदी ओठांवर होते. आम्ही खुर्ची त्यांच्याकडे सरकविली.

“हर्निया नव्हता,” आम्ही म्हणालो. “बसा. पहिल्या दिवशी सात.”