दोन मांथोऊ

परवा सकाळी गल्लीतल्या दुकानासमोर बांबूच्या करंड्यांची उतरंड रचलेली दिसली. मालकिणीने झाकण उघडलं, वाफेचा लोट अंगावर आला, आणि आई आठवली.

चीनमधली पहिली दोन वर्षं मी बीजिंगला काढली. उत्तरेकडे गव्हाचं राज्य. तिकडे मांथोऊ म्हणजे मैदा आंबवून वाफवलेला साधा गोळा. आत काही नाही, आपल्या पोळीसारखा भाजीबरोबर खायचा. सारण असेल तर तो बाओझ. सोपं गणित!

मग शांघायला बदली झाली आणि आई महिनाभर राहायला आली. आई कट्टर शाकाहारी. पहिल्याच सकाळी मी ऐटीत दोन मांथोऊ मागितले. "अगं, मोदकासारख्या कळ्या आहेत की!" म्हणत आईने घास घेतला.

आत डुकराचं मांस होतं.

शांघायकडची जुनी माणसं सारण भरलेल्यालाही मांथोऊच म्हणतात, हे शेजारच्या आजींनी मला नंतर सांगितलं. पण कळ्या दिसताच माझ्या लक्षात यायला हवं होतं. बीजिंगचा मांथोऊ गुळगुळीत असतो.

आई काही बोलली नाही. चूळ भरली, दिवसभर नुसत्या चहावर राहिली. मी रडकुंडीला आले होते... दुसऱ्या दिवशी तीच म्हणाली, "चल, आज नीट विचारून घे." पालेभाजी आणि अळंब्यांचं सारण भरलेला बाओझ मिळाला. तिने दोन खाल्ले.

तेव्हापासून मी आधी विचारते, मग खाते. शांघायजवळच्या नानश्यांगचे शाओलोंगबाओ प्रसिद्ध. त्यांच्यातला रस्सा म्हणजे डुकराच्या कातडीचा थिजवलेला अर्क, वाफेत तो वितळतो. जवळच्याच वूशीचे मात्र चक्क गोडसर! खाली ग्वांगडोंगला चहाबरोबर हे सगळं खायची रीत. तिथला छाशाओ बाओ वरून फुलासारखा उकलतो, आणि कोळंबीच्या हारगावची पारदर्शक पारी गव्हाच्या सत्त्वाची, म्हणजे आपल्या कुरडयांच्या चिकाची चुलतबहीणच.

पण मला सगळ्यांत आवडतो तो पालेभाजीचाच.

आई आता नाही. घरी परतल्यावर तिने त्या सकाळची गोष्ट कुणालाच सांगितली नव्हती. मावशीला फक्त म्हणाली होती, "तिकडच्या बायका कळ्या फार सुरेख पाडतात हो."

असो. परवा मी दोन भाजीचे घेतले. विचारून.