घमेल्यांची साखळी

महाविद्यालयातल्या मंडळांत शिरावं का, या प्रश्नाचं उत्तर बहुधा 'व्यक्तिमत्त्व विकास' या गुळगुळीत शब्दापाशी येऊन थांबतं. मला त्याहून साधं कारण पटतं. पगार नसताना आणि हुकूम चालत नसताना माणसांकडून काम कसं होतं, हे शिकायला विशीत याहून चांगली जागा मिळत नाही. राष्ट्रीय सेवा योजनाच घ्या. ती १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या निमित्ताने सुरू झाली. तिच्यात वर्षाला १२० तास काम असतं, शिवाय सात दिवसांचं निवासी शिबिर. तिथे बंधारा घालायचा तर घमेल्यांची साखळी लागते. मधला एक जण मोबाइल बघत राहिला की पुढचे सगळे रिकाम्या हातांनी उभे. त्याच्यावर खेकसून भागत नाही, तो उद्या फिरकणारच नाही. १९६३ पासूनच्या पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेतही नटाइतकाच नेपथ्य उचलणारा लागतो. (टाळ्या अर्थात नटालाच.)

पुष्कळ जण नुसत्या प्रमाणपत्रासाठी नाव घालतात, हे खरंच आहे. पण घमेलं त्यांनाही उचलावं लागतंच. अभ्यास बुडतो म्हणावं, तर १२० तास म्हणजे आठवड्याला जेमतेम अडीच तास. खरा आक्षेप वेगळाच आहे. शेवटची एसटी गाठणाऱ्या, संध्याकाळी दुकानात राबणाऱ्या मुलांनी आणि सातच्या आत घरी पोचावं लागणाऱ्या मुलींनी तालमीला थांबायचं कसं? 'इच्छा हवी' हे उत्तर त्यांच्या तोंडावर फेकणं मला उद्धटपणाचं वाटतं. त्यापेक्षा बैठका आणि तालमी दुपारी तासांच्या मधल्या वेळेत घ्याव्यात, चारला संपवाव्यात.