तारेवरची कप्पी

वजन पाव किलोच्या जरा वर. तळहातावर ठेवली तर मावते. स्टीलची दोन चाकं एकामागे एक, दोन्हींच्या कडेला गोल खाच, दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमच्या जाड पट्ट्या आणि खाली कॅरॅबिनर अडकवायला भोक. एवढाच तिचा देह. रंग असलाच तर तोही ठिकठिकाणी उडालेला. पट्टीवर मात्र बारीक अक्षरं कोरलेली असतात: किती किलोन्यूटन भार सोसेल, किती जाडीची तार चालेल, कोणत्या साली घडली. आपण किती सोसू शकतो हे अंगावर लिहून हिंडणारी मी पाहिलेली ही एकटीच.

कोलाडला कुंडलिका नदीवर झिपलाइन करून आलेल्या माणसाला नदी आठवते, उंची आठवते; किंकाळी तर व्हिडिओतच असते. डोक्याच्या हातभर वर जी सगळा वेळ राबत होती तिचा फोटो कुणी काढत नाही. तिथली पोरं तिला ट्रॉली म्हणतात, गिर्यारोहक पुली म्हणतात. आमच्या धामणगाव बढ्याकडे अशा वस्तूला कप्पी म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो.

स्वभाव म्हणाल तर एकमार्गी. उतार मिळाला की निघायचं, उतार संपला की थांबायचं. इंजिन नाही, इच्छा नाही. दीडशे मीटर लांबीच्या तारेला आठ-दहा मीटरचा उतार असला की तिला पुरे. दहा मीटर खाली येणारी वस्तू, घर्षण आणि वारा नसता, तर ताशी पन्नास किलोमीटरला पोचली असती. वारा मधे पडतो म्हणून ती त्याहून कमी वेगानं जाते. तारेला झोळ असतो. सुरुवातीला ती झपकन सुटते, मधल्या खोलगट भागात सर्वांत जोरात असते आणि पलीकडचा काठ जवळ आला की तार पुन्हा वर चढते, तशी तीही दमल्यासारखी मंद होते. पावसाचे चार थेंब तारेवर पडले की जास्त पळते. समोरून वारा आला की कुरकुरते. जड माणसावर तिचा लोभ असतो. नव्वद किलोच्या गृहस्थाला ती सुसाट नेते आणि पंचवीस किलोचं पोर नदीच्या मधोमध लटकवून ठेवते. मग गाईडला दुसरी कप्पी घेऊन, हातानं तार ओढत त्याच्यापर्यंत जावं लागतं.

झोळ पाहून नवखा माणूस घाबरतो. खरं तर घाबरावं ते झोळ नसलेल्या तारेला. शंभर मीटरच्या तारेत पाच मीटर झोळ असेल आणि मधोमध ऐंशी किलोचा माणूस असेल, तर नुसत्या त्याच्या वजनानं तारेवर सुमारे चारशे किलोचा ताण येतो. झोळ निम्मा केला की ताण दुप्पट होतो. तार ढिली दिसते ती आळसानं नाही, हिशेबानं. कप्पीला हे पाठ असतं, कारण प्रत्येक फेरीत त्या झोळात उतरणारी तीच असते.

कुंडलिकेचं पाणीही तिच्यासारखंच कामकरी. रायगड जिल्ह्यातली ही नदी ऐन उन्हाळ्यातही राफ्टिंगपुरती भरलेली असते, त्याचं श्रेय पावसाला नाही. मुळशी धरणाचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याला उतरतं, टाटांच्या वीजकेंद्रातली चाकं फिरवतं आणि मग कुंडलिकेत येतं. हे केंद्र १९२७ पासून चालू आहे. त्याच धरणासाठी गावं बुडाली, आणि १९२१ साली मावळातल्या शेतकऱ्यांनी मुळशीचा सत्याग्रह केला. सेनापती बापट हे नाव त्या लढ्यानं महाराष्ट्राला दिलं. जे पाणी भीमेतून बंगालच्या उपसागराकडे जायचं, ते डोंगराच्या या अंगाला वळवलं गेलं. तारेवरून जाताना खाली जे हिरवंगार वाहताना दिसतं ते म्हणजे कामावरून सुटलेलं पाणी. हे सगळं कोलाडच्या माहितीपत्रकात असावं असं मला वाटतं, पण तिथे जेवणाचा मेनू असतो.

आमची मंडळी मलकापूरहून रात्रीची रेल्वे धरून मुंबई, मग पनवेलमार्गे कोलाड अशी पोचली होती. पोरांना उडायचं होतं, बायकांना राफ्ट हवा होता, आणि काकांना काहीच नको होतं; ते सामान सांभाळायला आले होते. पण झिपलाइनच्या फलाटावर त्यांनी कप्पी हातात घेतली आणि त्यांचं आयुष्यभराचं विहिरीचं ज्ञान जागं झालं. अंगठ्यानं चाक फिरवलं, कानाजवळ नेलं.

"बेअरिंग चांगलं हाय बावा. पन हे तारेवरून निसटलं तं?"

"नाही निसटत काका," गाईड म्हणाला आणि त्यानं करून दाखवलं. कप्पी वरून तारेवर बसवायची. खालून ती उघडीच असते. मग दोन्ही पट्ट्यांच्या भोकांतून कॅरॅबिनर घालायचा, तो तारेच्या खालून जातो आणि तिचं तोंड बंद करतो. आता कॅरॅबिनर उघडल्याशिवाय ती तारेवरून निघूच शकत नाही. त्याशिवाय दुसरी स्लिंग, दुसरा कॅरॅबिनर.

"म्हंजे दार बी हेच अन् कडी बी हेच."

"हो. म्हणून त्याचा स्क्रू मी लावतो, आणि पाठवायच्या आधी माझा जोडीदार परत बघतो. तुम्ही हात नका लावू."

ही "हात नका लावू" ची यादी पुढे बरीच लांबते. तारेला हात लावायचा नाही, कारण बोट कप्पीच्या पुढे गेलं तर ती थांबत नाही, बोट घेऊन पुढे जाते. ओढणी आत, मंगळसूत्र आत, केस बांधून हेल्मेटखाली. पलीकडे पोचल्यावर चाक तापलेलं असतं, तेही धरायचं नाही. एवढा जाच सोसून माणसं हसत का असतात ते फलाटाच्या कडेवर पाय लटकवल्याशिवाय कळत नाही.

आणि मग ती बोलते. आधी खर्रर्र असा घोगरा आवाज, तारेच्या पिळावरून चाक जातं त्याचा. पोलादी तारांचे पीळ एकमेकांवर चढवून ही तार वळलेली असते, ती गुळगुळीत कधीच नसते, आणि प्रत्येक पिळाचा बारीक ठेचका कप्पीला लागतो. वेग वाढला की ठेचके एकमेकांत मिसळतात, खरखर चढत जाऊन शीळ होते, आणि मधल्या खोलगट भागात तिचा सूर इतका वर जातो की स्वतःचं ओरडणं ऐकू येत नाही. सूर उतरू लागला की समजावं, काठ आला. काठावरचे गाईड दिसण्याआधी आवाजावरूनच ओळखतात की येणारा जड आहे की हलका, आणि ब्रेकची दोरी किती आवळून धरायची. हार्नेसमध्ये बसलेल्याला यातलं काही कळत नाही. त्याला वाटतं आपण उडतो आहोत. उडत कुणी नसतं. दोन चाकं जमिनीवर चालावीत तशी ती तारेवर चालत असतात, फक्त जमीन बोटाएवढी जाड असते.

तिचं घराणं जुनं आहे. आमच्या भागात विहिरीवर मोट होती तेव्हा थोरली जाऊ तिथे नांदत होती: लाकडी चाक, कण्यावर फिरणारं, त्यावरून नाडा, खालच्या रुळावरून सोंदूर, आणि धावेवर बैल. करकर तिचीही होती, तीही मैलभर ऐकू जाणारी. इंजिनं आली, मग विजेच्या मोटारी आल्या, आणि ती थोरली जाऊ गोठ्याच्या आढ्याला टांगली गेली. तारेचं माहेर मात्र परदेशी. जर्मनीतल्या हार्त्झ डोंगरातल्या खाणींत साखळ्या तुटत, म्हणून विल्हेल्म आल्बर्ट या खाण अधिकाऱ्यानं १८३४ साली लोखंडी तारा पिळून दोर केला. कप्पी आणि तार यांची गाठ पडली ती अशी खनिज वर काढताना. मौजेसाठी नव्हे.

मौजेचा उल्लेख नंतर मिळतो. एच. जी. वेल्सच्या १८९७ च्या 'द इन्व्हिजिबल मॅन' या कादंबरीत गावजत्रेत असाच एक खेळ आहे: उतरत्या दोरावरून कप्पीला लोंबकळत यायचं, आणि ब्रेक म्हणून पलीकडे एक पोतं. आज पोत्याच्या जागी स्प्रिंग, बंजीचा दोर किंवा ब्रेकची दोरी असते. तत्त्व पोत्याचंच. आणि हिमालयातल्या आडवळणाच्या खेड्यांत तिला खेळ मुळी ठाऊकच नाही. उत्तराखंडात २०१३ च्या महापुरात पूल वाहून गेले तेव्हा कित्येक गावांचे लोक तारेवरच्या पाळण्यातून, हातांनी दोर ओढत नदी ओलांडत होते, शाळेला जाणारी मुलंसुद्धा. तिथे कुणी किंचाळत नाही. शाळेला उशीर झालेला असतो.

इतकी इमानी असूनही तिचं नाव बदनाम होतं, ते तिच्या आजूबाजूला होणाऱ्या गोष्टींमुळे. एप्रिल २०२५ मध्ये पुणे जिल्ह्यात एका तरुणीचा झिपलाइनच्या फलाटावरून पडून मृत्यू झाला, प्रवास सुरू होण्याआधी. जून २०२५ मध्ये मनालीला विदर्भातल्या एका कुटुंबातली मुलगी तारेवरून खाली पडून गंभीर जखमी झाली. तिला धरून ठेवणारा दोर तुटला होता. दोन्ही बातम्यांत चाकं फिरतच होती, किंवा फिरायची बाकी होती. माझ्या मते तिकीट काढणाऱ्यानं तारेची उंची विचारूच नये. फलाटाला कठडा आहे का, फलाटावर चढल्याक्षणी आपल्याला बांधतात का, आणि स्लिंग कोणत्या साली बनली, हे तीन प्रश्न विचारावेत. स्लिंगचा कापडी पट्टा उन्हानं मरतो. बाहेरून धडधाकट दिसला तरी बनल्यापासून दहा वर्षांच्या पुढे तो वापरत नाहीत. महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात अशा खेळांच्या आयोजकांना नोंदणी सक्तीची केली. नोंदणीचा कागद बघायला मागितला की कोण हसतं आणि कोण आणून दाखवतं, यावरूनही बरंच समजतं.

काकांनी परतीच्या वाटेवर विचारलं की अशी तार आपल्याकडे का नाही. दरीच नाही असं म्हणायची सोय नव्हती. अजिंठ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी आमचं गाव, आणि त्याच डोंगरात वाघूर नदीनं कोरलेली नालाच्या आकाराची दरी आमच्यापासून फार लांब नाही. कड्यांची उंची पाऊणशे मीटरच्या घरात, वरच्या टोकाला सातकुंडाचा धबधबा. एप्रिल १८१९ मध्ये जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीच्या नादात पलीकडच्या कड्यावर आला आणि त्याला समोर लेण्याची कमान दिसली ती इथेच. उतार आहे, नदी आहे, नजारा तर जगात नाव असलेला. तरी तिथे तार ओढली नाही हे बरंच आहे. त्या कड्याच्या पोटात शांत बसलेली माणसं आहेत, चित्रांतली आणि दगडांतली, आणि कप्पीला हळू बोलता येत नाही.

तिचं सर्वांत अवघड काम मात्र नदीवर नसतं. २८ जुलै २०१८ ला कोकण कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस आंबेनळी घाटात कोसळली. महाबळेश्वर-पोलादपूरचे ट्रेकर्स भर पावसात दोर घेऊन दरीत उतरले आणि खालच्यांना एकेक करून वर आणलं. दरीतून असं ओढायचं असतं तेव्हा दोर कप्प्यांतून उलटसुलट फिरवून घेतात: तीन हात दोर ओढावा तेव्हा माणूस एक हात वर येतो, आणि कागदावर तरी ओझं तिसऱ्या हिश्शाचं होतं. प्रत्यक्षात घर्षण आपला वाटा घेतंच. कोलाडला शीळ घालत पळणारी कप्पी तिथे बोटबोट सरकते. लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र, खोपोलीची यशवंती हायकर्स अशा संस्थांच्या पोत्यांत अशा कितीतरी पडून असतात. सुटीच्या दिवशी फोन वाजला की त्या निघतात.

म्हातारपण तिला लवकर येतं. वाळू बेअरिंगमध्ये शिरते. तार तिच्या खाचेची एक बाजू झिजवते, मग ती तिरकी चालू लागते आणि तिचा सूर बिघडतो. उंचावरून एकदा दगडावर पडली, तर वरून तडा दिसो न दिसो, शहाणा गाईड तिला कामातून काढतो. काढलेली ठेवायची नसते, तोडायची असते. नाहीतर हंगामाच्या गर्दीत कुणीतरी ती पुन्हा तारेवर चढवतो.

अशीच एक, खाच झिजलेली, कोलाडच्या शेडमध्ये टेबलावर पडली होती. काकांची नजर तिच्यावर गेली.

"हे फेकाचं हाय का? मंग द्या आमाले. वावरातल्या हिरीवर लावतो. मानूस नाई, बादलीच तं लटकवाची."

गाईड हसला. देता येणार नाही म्हणाला, ग्राइंडरनं कापावी लागते. मग काकांचं मन राखायला त्यानं बाजूला पडलेला अंगठ्याएवढा जाड नायलॉनचा दोर उचलून तिच्या खाचेवर धरला. दोर खाचेत उतरेना, वरच बसून राहिला.

"बारीक तोंडाची हाय," काका म्हणाले आणि बाजारात विहिरीच्या लोखंडी कप्पीचा भाव काय चालू आहे ते त्याला सांगू लागले.