भजनी मंडळाच्या पेटीतला डीपी

वेशीवरचा डीपी जळाला की काय हाल होतात ते तुम्हांला सांगायला नको. तसाच एक मुठीएवढा डीपी जुन्या व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरच्या पोटात असतो. त्याला म्हणतात आउटपुट ट्रान्सफॉर्मर. शेतीचा माणूस हे कशाला सांगतोय, असे म्हणाल. पण गावोगाव हिंडताना लोक आम्हांला करप्यापासून सोयरिकीपर्यंत सगळेच विचारतात. आणि बी.एस्सी.ला शिकलेल्या पंप-मोटारी अजून थोड्या डोक्यात आहेत.

व्हॉल्व्हकडून वीज येते ती मोठ्या दाबाची, पण प्रवाह अगदी थोडा. कर्ण्याच्या बारक्या कॉइलला हवा असतो थोडा दाब आणि भरपूर प्रवाह. दोघांची भाषा जुळत नाही, म्हणून मध्ये दुभाषा लागतो. समजा, व्हॉल्व्हला ५००० ओहमचा भार हवा आणि कर्णा आहे ८ ओहमचा. फरक ६२५ पट. वेढ्यांचे प्रमाण याच्या वर्गमुळाइतके, म्हणजे २५ ला १. गंमत बघा, वेशीवरचा डीपी ११,००० व्होल्टचे साधारण ४४० करतो, तेही २५ ला १ च!

पण त्या डीपीला सेकंदाला ५० फेऱ्यांची एकच चाल सांभाळायची असते. पेटीतल्याला पखवाजाच्या घुमाऱ्यापासून टाळांच्या किणकिणीपर्यंत, म्हणजे ५०-६० कंपनांपासून दहा-बारा हजारांपर्यंत, सगळे झेलावे लागते. पखवाजासाठी लोखंडी पत्र्या भरपूर हव्यात, वेढेही जास्त हवेत. मात्र वेढे नुसते वाढवत गेले की दोन गुंडाळ्यांमधले चुंबकत्व निसटू लागते आणि टाळ बसतात. म्हणून व्हॉल्व्हकडची अर्धी गुंडाळी, तिच्यावर कर्ण्याची, वर पुन्हा व्हॉल्व्हकडची उरलेली, असे थर द्यावे लागतात.

मोठ्या पेटीत व्हॉल्व्ह दोन असतात. ताक घुसळताना रवीची दोरी एका हाताने ओढली की दुसऱ्याने सैल सोडतो, तसे ते आळीपाळीने ओढतात. त्यांचे स्थिर प्रवाह एकमेकांच्या उलट असल्याने लोखंडावर कायमचा भार राहत नाही. व्हॉल्व्ह एकटाच असेल तर पत्र्यांच्या सांध्यात कागदाची फट ठेवतात, नाहीतर लोखंड तुंबते.

मलंगगडाकडच्या एका गावात अशी पेटी बंद पडली होती. दोन पिढ्यांमागे घरटी भात गोळा करून, तो विकून घेतलेली. पोरे म्हणत होती, भंगारात द्या. म्हातारे गप्प. भजन चालू असताना कर्ण्याची तार तुटली होती आणि पेटी तशीच चालू राहिली. भरल्या पाइपाचा कॉक झटकन बंद केला की पाइप हादरतो ना? तसाच दाब आत उसळला आणि तारेवरचे वार्निश फुटले. कर्णा जोडल्याशिवाय व्हॉल्व्हची पेटी कधीही चालू करू नका. आणि बंद केल्यावरही आत हात घालू नका. कंडेन्सरमध्ये तीन-चारशे व्होल्ट दबा धरून असतात.

मोटारी बांधणाऱ्या एका कारागिराने नवी गुंडाळी करून दिली, सगळे एकावर एक. पखवाज घुमला, टाळ मुके. मग मी पत्ता काढला तो डोंबिवलीतल्या एका आजोबांचा. ठाण्यात मर्फी रेडिओचा कारखाना होता, तिथे त्यांचा हात बसलेला. त्यांनी पहिले विचारले, "जळलेली गुंडाळी कुठंय?" नशीब, एका आजीने ती फडक्यात बांधून ठेवली होती. आजोबांनी थर उलगडत, वेढे मोजत, वहीत आकडे मांडले. आठ दिवसांनी टाळ परत आले. म्हातारे तेव्हा कुठे बोलू लागले!

सप्ताहात कर्णा लांब शेताच्या बांधावर लावायचा असेल, तर पेटीमागे १०० व्होल्टचा टॅप आहे का पाहा आणि कर्ण्यालाही त्याचा छोटा ट्रान्सफॉर्मर लावा. ४० वॉटला ८ ओहमवर सव्वादोन अँपिअर वाहतात, १०० व्होल्टवर फक्त ०.४, त्याच तारेत नासाडी तीसपट कमी. गावाला वीज ११,००० नेच का आणतात, तेही याच हिशेबाने.