मिस्त्रींचें रानवेड

सृष्टिसौंदर्याची आवड ही कवींची, पंडितांची किंवा सवड असलेल्या श्रीमंतांची मिरासदारी आहे, असा एक समज सुशिक्षित घरांतून रूढ आहे. मेघदूत वाचून ज्याच्या डोळ्यांपुढें मेघ उभा राहतो त्यासच आषाढाचा अर्थ कळला, असें आम्ही शिक्षक मंडळीही सहज मानतों. परंतु आमच्या परिचयांत एक असे गृहस्थ होते, कीं ज्यांनीं मेघदूताचें नांव उतारवयांत प्रथम ऐकलें, आणि तरीही पहिला चातक केव्हां येणार हें ज्यांना पंचांगापेक्षां नेमकें ठाऊक असे. ते व्यवसायानें यंत्रें दुरुस्त करीत. त्यांचें खरें नांव छापणें त्यांच्या घरच्यांस रुचणार नाहीं. आणि गांवांत त्यांना 'मिस्त्री' याखेरीज दुसरें नांव तरी कोठें होतें?

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागांत, केळापूर तालुक्याचें मुख्य ठिकाण असलेलें पांढरकवडा हें आमचें गांव. खुनी नदी गांवालगत वाहते. नागपूरहून हैदराबादेस जाणारा हमरस्ता येथूनच जातो. त्याचा क्रमांक पूर्वीं ७ होता, आतां ४४ आहे. काळी कापसाची जमीन, रुई आणि सरकी वेगळी करणारे जिन, आणि रात्रंदिवस धांवणारे मालट्रक. अशा ठिकाणीं यंत्रें सुधारणाऱ्यास कामाची वाण कशी पडावी? मिस्त्रींनीं प्रथम शेतावरील डिझेल इंजिनें हातीं घेतलीं, आणि पुढें हमरस्त्याच्या कडेला पत्र्याचें छप्पर टाकून ट्रक सुधारण्यास आरंभ केला. शिक्षण म्हणाल तर चौथी इयत्तेपर्यंतचें.

त्यांची व आमची ओळख झाली ती शाळेच्या विहिरीवरील इंजिनामुळें. हत्यारांची पेटी उघडण्यापूर्वीं त्यांनीं एका लांब पेचकसाचें टोंक चालत्या इंजिनावर टेकविलें आणि मूठ कानाशीं धरली. वैद्यानें डोळे मिटून नाडी पाहावी, अगदी तसें तें दृश्य होतें. आमचें कुतूहल पाहून त्यांनीं आम्हांस एक लहानसा पाठच दिला. धूर काळा असेल तर इंधन अधिक पडत आहे किंवा हवा अपुरी मिळत आहे. निळा असेल तर वंगणाचें तेल जळत आहे. पांढरा असून राहिला तर इंधन न जळतां बाहेर येत आहे किंवा आंत पाणी शिरलें आहे. डिझेल इंजिनांत ठिणगी पाडणारें साधन नसतें. आंतील हवा इतकी दाबली जाते, कीं तिच्या उष्णतेनेंच इंधन पेट घेतें. म्हणून झडपा किंवा पिस्टनचीं कडीं झिजून दाब निसटूं लागला, कीं थंडीच्या सकाळीं इंजिन उठावयास कुरकुर करितें.

"मास्तर," ते आपल्या वऱ्हाडी बोलींत म्हणाले, "इंजन आधी सांगते, मंग बंद पडते. आपुनच आयकत नाही."

हाच कान ते रानांत घेऊन जात. आठवड्यांतून एक दिवस, आणि मृगाच्या पहिल्या पावसानंतर सलग तीन दिवस, त्यांचें दुकान बंद असे. सायकलीस भाकरीचें फडकें बांधावें आणि टिपेश्वराच्या रानाकडे निघावें, हा त्यांचा नेम. साग, धावडा, तेंदू, मोह, पळस हीं त्यांना घरच्या माणसांसारखीं परिचयाचीं. फाल्गुनांत पळस पेटला, कीं मागोमाग पहांटे मोहाचीं फुलें गळूं लागतील, हें त्यांच्या हिशेबांत बसलेलें. उन्हाळ्यांत तांबट पक्षी एका लयींत टुक् टुक् करूं लागला, कीं "हा आमच्या धंद्यातला" असें ते कौतुकानें म्हणत. दोन-चार वेळां आम्हीही त्यांच्यासवें गेलों. आम्हांस जेथें नुसतें झाड दिसे, तेथें त्यांना आधीं आवाज ऐकूं येई आणि मग झाड दिसे.

त्यांच्या उधारीच्या वहीचा मागील भाग फार मौजेचा होता. पुढच्या पानांवर कोणाकडून किती येणें, तें लिहिलेलें. आणि मागच्या पानांवर पहिला पावशा कोणत्या तारखेस बोलला, नवरंग कधीं आला, चातक कधीं दिसला, याच्या नोंदी. अक्षर वेडेंवांकडें, पण एकही वर्ष चुकलेलें नाहीं. चातक मोसमी वाऱ्यांच्या सोबतीनें आफ्रिकेकडून येतो असें पक्षिशास्त्रज्ञ मानतात, हें आम्हीं सांगितलें तेव्हां ते बराच वेळ स्तब्ध राहिले. कालिदासाच्या मेघदूतांत मेघाच्या डाव्या बाजूस चातक मधुर बोलतो, हेंही आम्हीं सांगितलें. त्यावर त्यांनीं गंभीरपणें विचारलें, "डाव्या बाजूले म्हनता, पन ढगाचं तोंड कोन्या बाजूले?" इतकीं वर्षें मेघदूत शिकविलें, परंतु हा प्रश्न कोणाही विद्यार्थ्यानें आम्हांस विचारला नव्हता.

ह्या नादाची किंमत त्यांना द्यावी लागली नाहीं, असें मात्र नव्हे. ट्रक नादुरुस्त होऊन पडला आहे आणि मिस्त्री रानांत, असें झालें कीं गिऱ्हाईक दुसरीकडे जाई. नागपुरांतून चांगल्या पगाराची नोकरी चालून आली होती. तीही त्यांनीं नाकारली. लोक म्हणत, इतका गुणी कारागीर, पण हातचें सोडून पाखरांमागें हिंडतो. त्यांची पत्नी मोठी समंजस, पण मुलीच्या महाविद्यालयाचा खर्च उभा राहिला तेव्हां तिनेंही शांतपणें विचारलें, "पाखरं फी भरनार काय?" मिस्त्रींनीं वाद घातला नाहीं. पुढील दोन वर्षें दसऱ्यापासून होळीपर्यंत, म्हणजे कापसाच्या सबंध हंगामांत, त्यांनीं एकही दिवस दुकान बंद ठेवलें नाहीं. मृगाचे तीन दिवस तेवढे त्यांनीं मागून घेतले, आणि तिनें ते दिले. संसार आणि छंद यांचा तंटा इतक्या शहाणपणानें मिटलेला आम्हीं शिकलेल्या घरांतही फारसा पाहिला नाहीं.

१९९७ सालीं टिपेश्वर हें अभयारण्य झालें. ज्या पाऊलवाटा त्यांच्या पायांखालच्या होत्या, तेथें आतां परवानगीवांचून जातां येईना. पुष्कळांनीं कुरकुर केली. मिस्त्री मात्र तिकिटाच्या रांगेंत उभे राहत आणि म्हणत, "रानाले बी दार पायजे."

खरी कसोटी पुढेंच होती. २०१६ ते २०१८ या काळांत पांढरकवडा आणि राळेगांव या भागांत वाघाच्या हल्ल्यांत माणसें मरूं लागलीं. एका वाघिणीवर १३ मृत्यूंचा आळ होता. सरकारी दप्तरीं ती 'टी १', आणि वर्तमानपत्रांतून 'अवनी'. कापूस वेंचावयास एकटें जाण्याची कोणाची छाती होईना. २ नोव्हेंबर १९१८ नव्हे, अगदी परवांच्या २०१८ सालच्या त्या तारखेस, बोराटीच्या परिसरांत ती रात्रीं गोळीनें मारली गेली. दूरच्या शहरांतून तिच्यासाठीं शोक झाला आणि आमच्याकडील खेड्यांतून सुटकेचा आनंद. मिस्त्रींची दोन्हीकडून ओढाताण झाली. कोणी त्यांना खोंचून विचारी, "आतां काय म्हणतो तुमचा वाघ?" त्यांचें उत्तर आमच्या मनांत कायमचें राहिलें आहे: "वाघिनीचं दुख मले हाय. पन ज्याच्या घरचा मानूस गेला, त्याच्या दारात उभं राहून मी वाघाचं कवतिक सांगनार नाही." पुढें कित्येक दिवस सायंकाळीं दुकान लवकर आवरून, शेतावरून परतणाऱ्या बायाबापड्यांना ते आपल्या जुन्या जीपमधून गांवापर्यंत पोंचवीत. भाडें कोणाकडूनही घेतलें नाहीं.

त्यानंतरच्याच वर्षीं, २०१९ सालीं, टिपेश्वरांत जन्मलेला आणि गळ्यांत रेडिओपट्टा घातलेला एक तरुण वाघ घर सोडून निघाला. महाराष्ट्र व तेलंगणांतून सुमारें ३,००० किलोमीटर भटकून तो बुलढाणा जिल्ह्यांतील ज्ञानगंगा अभयारण्यांत स्थिरावला. ती वार्ता मिस्त्रींनीं आमच्याकडून दोनदां वाचून घेतली. "इतकी चालली तर गाडीचं बी आपुन तेल पाहतो," ते म्हणाले, "ह्याले कोन पाहते?" त्या विनोदामागें खरी काळजी होती. एवढें अंतर तो तुडवितो तें स्वतःच्या हद्दीच्या शोधांत, आणि वाटेंत शेतें, रस्ते व वस्त्या यांवांचून त्यास फारसें कांहीं आढळत नाहीं, हें ते जाणून होते.

२०२१ सालीं, मृग लागण्यापूर्वींच, मिस्त्री गेले. मागें धनदौलत नव्हती. कर्ज मात्र कोणाचेंही नव्हतें, आणि वहीच्या पुढच्या पानांवरील येणें तसेंच राहिलें होतें. मुलगी आतां शिक्षिका आहे. ती भेटावयास आली असतां आम्हीं त्या वहीची चौकशी केली. तिनें येणें असलेल्या पानांवर आडव्या रेघा मारल्या होत्या. मागच्या पानावर बापाच्या वेड्यावांकड्या अक्षराखालीं तिच्या सुबक अक्षरांत त्या वर्षाची एक ओळ होती: नवरंग आला, ती तारीख.

आपल्या घरांतील एखादें मूल पुस्तक बाजूस ठेवून यंत्राशीं खटपट करीत बसलें, किंवा अंगणांतल्या पाखराकडे टक लावून पाहूं लागलें, तर वाचकांनीं त्यास लगेच हांक मारूं नये, एवढीच आमची विनंती आहे.